जनगणनेचे घोडे सोसायटीच्या गेटवर अडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १ मेपासून महाराष्ट्रात जनगणनेची स्व-गणना सुरू होते. १५ मेपर्यंत ज्याला हवे त्याने आपल्या घरची माहिती ऑनलाइन भरायची. पुढे १६ मे ते १४ जून असे तीस दिवस प्रगणक, म्हणजे माहिती घेणारे कर्मचारी, घरोघरी फिरून घरयादी, म्हणजे घरांची आणि त्यांतल्या सोयींची नोंद, करणार. पालिकांची जनजागृती म्हटली की काय काय होते ते ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना पाठ आहे. उड्डाणपुलाला फलक, परिवहनच्या बसवर चित्र, एखादी रॅली, नाट्यगृहात दीपप्रज्वलन. ते खुशाल व्हावे. पण जनगणनेला उघड विरोध करणारा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही, मग फलक नेमका कोणाचे मन वळवणार? माणसे मोजायची राहतात त्याची कारणे फार साधी आहेत. वॉचमन प्रगणकाला आत सोडत नाही, दाराला कुलूप असते, घरमालक भाडोत्र्यांचे नाव काढत नाही, आणि दार उघडलेच तर आतल्या माणसाला रेशनकार्ड नाहीतर पाडकाम आठवते. जनजागृतीचा पैसा आणि माणसे दोन्ही पालिकांनी या चार ठिकाणी लावावीत, यासाठी हे पत्र.

आधी यात आपले काय अडले आहे ते पाहू. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८ आणि नवी मुंबईची ११,२०,५४७ निघाली. त्यानंतर मोजणी झालीच नाही. यंदाच्या जानेवारीत झालेल्या पालिका निवडणुकांचे प्रभागसुद्धा याच आकड्यांवर बेतलेले होते. घोडबंदर रोडवरचे किती तरी टॉवर २०११ साली नकाशातच नव्हते आणि आजचे दिवा उपनगरही तेव्हाचे नाही. अन्नसुरक्षा योजनेचा रेशनचा इष्टांकही (किती जणांना धान्य द्यायचे ती ठरलेली संख्या) तेव्हाच्याच लोकसंख्येवर ठरला आहे. २०११च्या मोजणीनंतर केंद्राने जी पडताळणी पाहणी केली, तिच्यात देशभरात हजारी २३ माणसे मोजायची राहिल्याचे आढळले. तेच प्रमाण ठाण्याला लावून पाहिले तर सुमारे ४२ हजार माणसे होतात. ठाण्याच्या १३१ नगरसेवकांमागे प्रत्येकी साधारण १४ हजार लोकसंख्या धरली, तर हा तीन नगरसेवकांचा मतदारसंघ झाला. हजारी २३ हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो खरा.

यंत्रणा कशी आहे हे कळले की प्रचार कुठे करायचा हेही कळते. महापालिका क्षेत्रात आयुक्त हेच प्रमुख जनगणना अधिकारी असतात. त्यांच्या हाताखाली चार्ज अधिकारी (एका भागाच्या मोजणीचा प्रमुख), सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक आणि प्रत्येक प्रगणकाकडे एक घरयादी गट. एका गटात साधारण सातशे-आठशे माणसे येतात. म्हणजे हिरानंदानी इस्टेटमध्ये गट एखाद-दुसऱ्या टॉवरचा होईल, किसननगरमध्ये एका गल्लीचा, तर येऊरला विखुरलेल्या पाड्यांचा. जनजागृतीचा हिशेबही याच गटाने व्हायला हवा. शहरभर एकच मजकूर लावण्यापेक्षा प्रत्येक गटात एक कागद लागावा. या गटाचा प्रगणक कोण, त्याचा फोटो, तो कोणत्या तारखांना कोणत्या वेळी येणार आणि शंका आली तर प्रभाग समितीत कुठे विचारायचे, एवढे त्यावर असले की पुरे. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालये. हे छपाईचे काम काही डोईजड नाही.

आता गेट. टॉवरमधल्या सोसायट्यांत मोजणी अडते ती बहुधा इथेच. हल्ली बहुतेक ठिकाणी पाहुण्याची नोंद ॲपवर होते. प्रगणक फ्लॅट नंबर सांगतो, वॉचमन बटण दाबतो, फ्लॅटमालक त्या वेळी बीकेसीत मीटिंगमध्ये असतो, अनोळखी नाव पाहून नकार देतो किंवा उत्तरच देत नाही. एका विंगमध्ये ऐंशी फ्लॅट असले तर ही कसरत ऐंशी वेळा करावी लागते, आणि जे घर बंद मिळाले त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. प्रगणक बहुतेक शिक्षक किंवा पालिकेचे कर्मचारी असतात, विक्रेत्यासारखे लोचटपणाने उभे राहणे त्यांना जमत नाही आणि जमायचे कारणही नाही. दोन फेऱ्यांत कंटाळून ते 'नंतर पाहू' म्हणून पुढच्या इमारतीकडे वळतात.

यावर उपाय असा. चार्ज अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र १६ मेच्या किमान आठ दिवस आधी प्रत्येक सोसायटीच्या हाती पडले पाहिजे, आणि पत्र पोचल्याची सही घेतली पाहिजे. ईमेल पाठवून भागत नाही, कारण सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड बहुधा मागच्या कमिटीच्या खजिनदाराकडे असतो. पत्रात तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, प्रगणकाला तीस दिवसांचा एकच प्रवेश द्यावा, घरटी परवानगी नको. जनगणना कायदा, १९४८च्या कलम ९ प्रमाणे प्रगणकाला रीतसर प्रवेश देणे आणि घरावर क्रमांक लिहू देणे बंधनकारक आहे. सोसायटी काही उपकार करत नाही. दुसरी, त्याचा फोटो आणि नाव वॉचमनच्या केबिनमध्ये हिंदीत लावावे. दिवसपाळीच्या वॉचमनला सांगितलेले रात्रपाळीच्या वॉचमनला कळत नाही, आणि एजन्सी महिन्यातून दोनदा माणसे बदलते. तिसरी, विंगमागे एक रहिवासी सोबतीला द्यावा. ओळखीचा चेहरा बरोबर असला की दार साखळी लावून किलकिले न होता पुरते उघडते.

वेळेचेही गणित आहे. एका कुटुंबाला दहा-पंधरा मिनिटे धरली तर गटातल्या दीडशे-पावणेदोनशे कुटुंबांना पंचवीस ते पंचेचाळीस तास निव्वळ बोलण्याचे लागतात. हे काम सकाळी अकरा ते पाच या वेळात करायला गेले की दाराशी मोलकरीण, आजी किंवा कुलूप यांपैकी एक भेटते. ठाणे-नवी मुंबईचा नोकरदार सकाळची सातची-आठची लोकल पकडतो आणि रात्री आठनंतर घरी येतो. त्यामुळे सोसायट्यांत संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी नऊ ते एक याच वेळा ठेवाव्यात. गटाचा क्रम आणि क्रमांक एकदा लावून झाल्यावर माहिती भरताना लिफ्टने वर जाऊन जिन्याने खाली यावे. दहा मजल्यांवर लिफ्टची वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्यात एक-दोन घरे होतात.

एक मोह मात्र सोसायटीने आणि प्रगणकाने दोघांनीही आवरावा. सेक्रेटरी चहा मागवतो, सभासदांचे रजिस्टर पुढ्यात ठेवतो आणि सगळी इमारत टेबलावर बसून 'भरून' होते. त्या रजिस्टरमध्ये शेअर सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे तो असतो. तो कदाचित दुबईत असेल आणि घरात भाड्याने राहणारे पाच जणांचे कुटुंब असेल. सेक्रेटरीला त्यांच्या घरात किती जोडपी आहेत, स्वयंपाक पाइप गॅसवर होतो की सिलिंडरवर, हे कुठून ठाऊक असणार?

दुसरी अडचण कुलपाची. मे महिना हा आपल्याकडे गावी जाण्याचा. कोकणातले चाकरमानी आंब्याफणसाला जातात, कोपरखैरणे-घणसोलीतली सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे लग्नसराई आणि जत्रेसाठी गावाकडे असतात, ती शाळा उघडायच्या बेताला जूनच्या मध्यावर परततात. नेमका हाच काळ घरयादीचा. त्यासाठी प्रत्येक सोसायटीने आणि चाळ कमिटीने बंद घरांची एक यादी करून ठेवावी, आणि तीत तीन प्रकार वेगळे दाखवावेत. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरे, ज्यांत कोणीच राहत नाही. गावी गेलेल्यांची घरे, परतायच्या तारखेसह. आणि दिवसभर कुलूप, पण रात्री माणूस असतो अशी घरे. प्रगणकाच्या लेखी 'रिकामे' आणि 'कुलूपबंद' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. गावी गेलेल्याचे घर घाईत 'रिकामे' लिहिले गेले, तर आत राहणारे अख्खे कुटुंब यादीतून गळते. फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष माणसे मोजताना हीच यादी पाया म्हणून हाती असेल, म्हणजे चूक तिथवर सोबत येते.

गावी जाणाऱ्यांसाठी स्व-गणना सोयीची आहे. ती १ ते १५ मे याच काळात आहे हे मात्र आधी त्यांच्या कानावर जायला हवे. केंद्राच्या स्व-गणना पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, भाषा निवडायची, नकाशावर आपले घर दाखवायचे, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि शेवटी मिळणारा ओळख क्रमांक जपून ठेवायचा. घोटाळा होतो तो नकाशाच्या पायरीवर. घोडबंदरला एकाच कॉम्प्लेक्समध्ये एकसारखे सहा-आठ टॉवर शेजारी शेजारी असतात, पिन सहज भलत्याच इमारतीवर पडते. दोन टॉवर वेगवेगळ्या गटांत असतील तर नोंद शोधताना प्रगणकाची दमछाक होते. म्हणून नकाशा पूर्ण मोठा करून, आपल्या इमारतीच्या छपरावरच पिन टेकवावी. नवी मुंबईत तर सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, तेच तेच असतात. नेरूळलाही सेक्टर ६ आहे आणि वाशीलाही. नुसता सेक्टर लिहून भागत नाही. घर गजबजलेल्या वस्तीत असेल तर पिनवर विसंबू नये, जवळची शाळा, देऊळ, रेशन दुकान अशी खूण प्रगणकाला सांगता येईल असे बघावे.

आणखी एक गैरसमज आताच दूर व्हावा. माहिती ऑनलाइन भरली म्हणजे प्रगणक येणारच नाही, असे नाही. तो येतो, ओळख क्रमांक घेतो, भरलेली माहिती पडताळतो आणि पुढे जातो. काम पाच मिनिटांत आटोपते इतकेच. तो आला तेव्हा घरात सासूबाई एकट्या असतील आणि क्रमांक सुनेच्या मोबाइलमध्ये असेल, तर सगळे मुसळ केरात. क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा आणि गावी जाताना शेजाऱ्याला देऊन जावे. पालिकेला फलकच लावायचे असतील तर हे वाक्य फलकावर घालावे.

तिसरे ठिकाण गावठाणांचे आणि दाटीच्या वस्त्यांचे. मोजणीत खरी गळती इथे होते, आणि फलकांचा इथे काडीचाही उपयोग नाही. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांच्या गावांत, मग ते गोठिवली असो, तळवली असो की करावे, गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली चार-चार मजली घरे आहेत. तळाला दुकान, पहिल्या मजल्यावर मालकाचे कुटुंब, वर प्रत्येक मजल्यावर दोन-तीन खोल्या भाड्याने. तेच चित्र सिडकोच्या बैठ्या घरांवर चढवलेल्या मजल्यांचे, आणि तेच कळवा-मुंब्र्यातल्या अरुंद इमारतींचे. खाली दार वाजवले की मालक म्हणतो, 'आमचंच घर आहे, आम्ही सहा जण.' प्रगणकाने तेवढे लिहून घेतले की वरच्या चार-पाच बिऱ्हाडांची कथा संपली.

जनगणनेच्या लेखी जिन्यावरून किंवा सामाईक गॅलरीतून ज्याला स्वतंत्र प्रवेश आहे ते स्वतंत्र घर. आणि कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. रेशनकार्ड एक की दोन, आडनाव एक की वेगळे, याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन भाऊ एका छताखाली राहतात पण चुली वेगळ्या, तर कुटुंबे दोन. ऐरोलीत आयटीतली चार मुले एक फ्लॅट घेऊन राहतात आणि स्वयंपाकाला बाई ठेवतात, तर ते नात्यातले नसूनही एक कुटुंब. तीच मुले प्रत्येकजण आपापला डबा मागवत असतील, तर प्रत्येकजण वेगळे कुटुंब. घरात राहून तिथेच जेवणारी कामवाली त्याच घरात मोजायची, सकाळी येऊन दुपारी जाणारी नाही. मुलगा पुण्याला होस्टेलवर असेल तर त्याला इथे धरायचे नाही, जीव कितीही तुटला तरी. आई हमखास त्यालाही धरून सांगते.

भाडोत्री लपवला जातो त्याची कारणे मालकाच्या बाजूने ऐकली तर समजण्यासारखी आहेत. करार नोंदवलेला नसतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली नसते, मालमत्ता कर वाढेल ही धास्ती असते, आणि गरजेपोटीच्या घरांच्या डोक्यावर नियमितीकरणाची टांगती तलवार असते. या भीतीवर कायद्यातच उतारा आहे. कलम १५ प्रमाणे जनगणनेत दिलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही, तिची प्रत मागता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कर विभाग किंवा अतिक्रमण विभाग ती मागू शकत नाही, पोलीसही नाहीत. पालिकेने हे प्रभाग कार्यालयाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून गावठाणात वाटावे. मालकाने तो कागद फाइलला लावून ठेवला तर ठेवू द्यावा.

पण कागद एक सांगतो आणि चेहरा दुसरेच सांगतो, असे होता कामा नये. प्रगणकांच्या नेमणुका करताना दोन्ही पालिकांनी कर वसुलीच्या आणि अतिक्रमणाच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्याच कामाच्या भागात धाडू नये. ज्याने मागच्या महिन्यात नोटीस चिकटवली तोच आज मोबाइल घेऊन 'घरात किती माणसं' विचारू लागला, तर कलम १५ची पारायणे केली तरी कोणी खरे सांगणार नाही. तोडकामाची किंवा पाणी बंदची दवंडी देणारी रिक्षा जनगणनेच्या प्रचाराला वापरणे हाही तसलाच प्रकार. त्यापेक्षा घंटागाडी बरी. ती रोज दारात येते, तिला कोणी घाबरत नाही, आणि तिच्या भोंग्यावर एका मिनिटाचा निरोप सहज बसतो: प्रगणक उद्या या गल्लीत येणार आहे, वरच्या मजल्यावरच्या खोलीवाल्यांनीही थांबावे, कागद कोणताही लागणार नाही.

घरावर लिहिलेल्या क्रमांकाचेही तेच. झोपडपट्टीत भिंतीवर आकडा पडला की अर्ध्या लोकांना वाटते घर पडणार, उरलेल्यांना वाटते घर पात्र ठरले. दोन्ही खोटे. तो इमारतीचा आणि घराचा क्रमांक आहे, मोजणीची फक्त खूण. त्याने बांधकाम अधिकृतही होत नाही आणि अनधिकृतही. क्लस्टर योजनेच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या सामूहिक पुनर्विकासाच्या, भागात तर हे आधीच, मोठ्या आवाजात आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. नाहीतर पोटमाळ्यालाही वेगळा आकडा द्या म्हणून प्रगणकाभोवती घोळका होईल. सोसायट्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या रंगकामात हे क्रमांक पुसू नयेत, फेब्रुवारीत ते पुन्हा कामी येतात.

चौथी अडचण दारातल्या प्रश्नांची आणि त्यांच्या भीतीची. या टप्प्यात ३३ प्रश्न आहेत. भिंत-छप्पर-जमीन कशाची, खोल्या किती, पाणी कुठले, संडास कोणता, सांडपाणी कुठे जाते, स्वयंपाकाचे इंधन, टीव्ही-इंटरनेट-वाहन, कुटुंबात मुख्यतः कोणते धान्य खातात, आणि संपर्कासाठी मोबाइल क्रमांक. घरातल्या प्रत्येकाचे नाव या फेरीत विचारत नाहीत. कुटुंबप्रमुखाचे नाव आणि माणसांची संख्या एवढेच. सगळ्यांची जात विचारणार ती फेब्रुवारीतल्या टप्प्यात. आत्ता फक्त कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, इतकाच प्रश्न आहे. तेव्हा पोटजातीवरून मे महिन्यात दारात वाद घालायचे कारण नाही. नागरिकत्वाचा प्रश्न नाही. आधार, पॅन, बँक पासबुक यांपैकी काहीही दाखवायचे नसते. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मतदारयादीचे काम करतो, त्याचा आणि याचा संबंध नाही. मुंब्रा, दिघा, तुर्भे स्टोअर अशा भागांत हे हिंदी आणि उर्दूतून सांगणारी पत्रके हवीत. घरात गाडी आहे म्हणून रेशनकार्ड रद्द होत नाही, कारण ती माहिती पुरवठा विभागाकडे जातच नाही.

दोन-तीन उत्तरे मात्र सर्रास चुकतात. खोल्या मोजताना स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पॅसेज धरायचे नाहीत. वन बीएचके म्हणजे हॉल आणि बेडरूम मिळून दोन खोल्या, वन रूम किचन म्हणजे एक. गृहकर्जाचे हप्ते चालू असले तरी घर स्वतःचेच सांगायचे. 'घर बँकेचंय हो' हा विनोद प्रगणकाने हजार वेळा ऐकलेला असतो.

पाण्याचा प्रश्न ठाण्यात जरा जपून सोडवावा. घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत टँकर येतो, टाकीत रिकामा होतो आणि पाणी घरातल्या नळातूनच पडते. दारात विचारले की माणूस सरळ 'नळ' म्हणतो. वर्षातला बराच काळ आपण मुख्यतः टँकरवर असू, तर तसे स्पष्ट सांगावे. नाहीतर जनगणनेच्या तक्त्यात आपल्या भागाला नळाचे पाणी भरपूर आहे असे नोंदले जाईल, आणि पुढची दहा वर्षे तोच तक्ता आपल्या तोंडावर फेकला जाईल.

भुरट्यांचाही विचार व्हावा. प्रगणकाकडे ओळखपत्र आणि नेमणूकपत्र असते, ते मागायला संकोच करू नये. तो दारात ओटीपी मागत नाही, लिंक पाठवत नाही, पैसे मागत नाही. स्व-गणनेत येणारा ओटीपी आपण आपल्याच हाताने पोर्टलवर टाकायचा असतो, फोनवरून कोणाला सांगायचा नसतो. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत हे एवढेच पाच मिनिटे सांगितले तरी पुष्कळ. आणि एक जुनी तरतूद फार कमी जणांना ठाऊक आहे. रूढीमुळे पतीचे नाव घेणे ज्या बाईला वर्ज्य असेल तिच्यावर ते सांगण्याची सक्ती कायदा करत नाही. येऊरच्या पाड्यांवर किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजींसमोर प्रगणकाने हट्टाला पेटू नये, शेजारणीकडून नाव घ्यावे.

काम नीट चालले आहे की नाही हे पालिकेला रोज पाहता येईल. प्रगणकांच्या ॲपवर गटवार नोंदी दिसतातच. त्यांच्याशेजारी त्या गटातल्या वीजमीटरांची संख्या ठेवावी. मुंब्रा-कळवा-शीळ भागात टोरंट या वीज कंपनीकडून, इतरत्र महावितरणकडून नुसता आकडा मिळाला तरी चालेल, ग्राहकांची नावे नकोत. मीटर दोनशे आणि कुटुंबे सव्वाशे दिसत असतील, तर पर्यवेक्षकाने दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत जाऊन जिने चढावेत. मीटर आणि कुटुंबे अगदी जुळणार नाहीत, एका मीटरवर तीन खोल्या चालतात हे जगजाहीर आहे. पण कुटुंबे मीटरपेक्षा बरीच कमी निघाली की कुठेतरी मालकाच्या तोंडच्या माहितीवर काम उरकले आहे किंवा कुलपे मोजायची राहिली आहेत हे धरून चालावे. हे पहिल्या दहा दिवसांत कळले तर दुरुस्त होते, १० जूनला कळून काही हाती लागत नाही.

नागरिकांनीही १४ जूनपर्यंत वाट पाहू नये. ५ जूनपर्यंत आपल्या इमारतीत कोणी फिरकले नसेल तर सोसायटीने किंवा चाळ कमिटीने प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. इमारतीचे नाव, विंग, फ्लॅटची एकूण संख्या, त्यांतले बंद किती, जवळची ठळक खूण, संध्याकाळी भेटू शकेल अशा एका माणसाचा मोबाइल क्रमांक. गावठाणात हाच अर्ज भाडोत्र्यानेही परस्पर द्यावा; त्यासाठी मालकाची सही लागत नाही. अर्जाची पोच घ्यावी आणि पोचवर तारखेसह आवक क्रमांक पडला आहे ना, ते काउंटरवरच पाहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जनगणना पर्यवेक्षक,
नौपाडा, ठाणे (प.)